कटकट कुठून येते ते नंतर, कधी येते ते आधी

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीच्या पुढच्या बाजूला कटकट सुरू झाली. नऊ वर्षांची साधी हॅचबॅक, चिपळूण-कराड ये-जा, म्हणजे दर फेरीला कुंभार्ली घाट ठरलेला. उखडलेल्या रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगाला असताना कुणीतरी चाकापाशी बसून पान्याने हळूहळू ठोकतंय, असा आवाज. मी म्हटलं, स्टिअरिंगमधून येतोय. बायको म्हणाली, छे, माझ्या पायाखालून, डावीकडून. मागच्या सीटवर बाबा होते. ते ठामपणे म्हणाले, "मागून येतोय." एका वर्कशॉपला दाखवली, तर तिथल्या सुपरवायझरने गाडी चालवूनही न बघता "रॅक गेलाय", म्हणजे स्टिअरिंगचा मुख्य महागडा भागच गेलाय, असं सांगितलं आणि आकडा असा टाकला की मी किल्ली उचलून घरी आलो. शेवटी निघाला लिंक रॉड नावाच्या बारीक दांड्याचा एक सांधा. काही शेकड्यांचं काम.

गाडीत बसून आवाजाची जागा ओळखणं जवळजवळ अशक्य असतं. पुढची सगळी यंत्रणा एकमेकांना बोल्टने आवळलेली आणि शेवटी बॉडीला जोडलेली असते. लोखंडातून आवाज झटकन पसरतो आणि जिथला पत्रा जास्त थरथरेल तिथून आल्यासारखा वाटतो. म्हणून "कुठून?" या प्रश्नाला तीन माणसं तीन उत्तरं देतात. "कधी?" या प्रश्नावर मात्र सहसा एकमत होतं, आणि निदान तिथूनच सुरू होतं. सस्पेंशनचा, म्हणजे चाकं बॉडीला जोडून धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचा, प्रत्येक भाग ठराविक प्रसंगी कामाला लागतो. एखादा ब्रेक दाबल्यावर, एखादा वळताना, एखादा फक्त एकच चाक खड्ड्यात गेल्यावर. झिजलेला भाग त्याच्या कामाच्या वेळी बोलतो, एरवी गप्प असतो.

गाडीखाली काय असतं

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत, १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आजच्या स्विफ्ट-क्रेटापर्यंत, पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना काढली. युक्ती अशी की शॉकअ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात तो, चाक धरून ठेवणारा उभा खांबही होतो. स्प्रिंग त्याच्याच भोवती गुंडाळलेली. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला टेकतं. मध्ये एक जाड रबरी माउंटिंग आणि स्टिअरिंग वळवताना खांब फिरावा म्हणून एक बेअरिंग. खालचं टोक नकलला बोल्टने जोडलेलं. नकल म्हणजे चाकाचं हब ज्यात बसतं तो ओतीव तुकडा.

नकलला खालून धरतो लोअर आर्म. चपटा, साधारण त्रिकोणी हात. त्याची आतली दोन टोकं रबरी बुशांतून, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबरी कड्यांतून, सांगाड्याला जोडलेली आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खांद्यासारखा सांधा: वाटीत बसलेली गोल डोक्याची खुंटी, आत ग्रीस, वर रबरी टोपी.

दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा एक वाकवलेला दांडा असतो, अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर. वळणावर गाडी एका अंगाला फार कलू नये म्हणून तो. त्याची टोकं दोन बारीक लिंक रॉडनी स्ट्रटला किंवा आर्मला बांधलेली असतात आणि मधला भाग दोन रबरी बुशांत अडकवलेला.

राहिलं स्टिअरिंग. हातातल्या स्टिअरिंगपासून खाली येणारा दांडा, म्हणजे कॉलम, वाटेत तो कोनात वळावा म्हणून एक-दोन सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, मग रॅक. रॅक म्हणजे दातेरी पट्टी. तिच्यावर छोटं दातेरी चाक फिरलं की पट्टी डावी-उजवीकडे सरकते. पट्टीच्या टोकांना रॅक एंड, पुढे टाय रॉड एंड, दोन्ही वाटी-खुंटीचेच सांधे, आणि टाय रॉड एंड नकलला ढकलतो किंवा ओढतो.

एवढ्या पसाऱ्यात झिजणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन जातींच्या: रबर, आणि वाटीतली खुंटी. रबर उन्हाने, तेलाने आणि वयाने फाटतं. खुंटीचा सांधा मरतो तो बहुतेक वेळा टोपी फाटल्यामुळे. अँबॅसिडर-फियाटच्या काळी गनने सांध्यांत ग्रीस भरायचे, जुनं मळकं ग्रीस बाहेर यायचं. आताचे सांधे कारखान्यातून बंद होऊन येतात. टोपीला एवढीशी चीर गेली की पावसाळ्यातला लाल चिखल आत जातो, ग्रीसमध्ये कालवला जातो, आणि मग तो सांधा स्वतःलाच पॉलिश पेपरने घासत बसतो. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढली की खाली जाऊन टोप्या बघाव्यात. बॅटरीचा प्रकाश टाकून दोन मिनिटांत होतं.

आता प्रसंग

आधी माझ्याच आवाजाचं सांगतो, कारण हा आपल्याकडचा सर्वांत सामान्य आवाज. कमी वेग, खडबडीत रस्ता, स्टिअरिंग सरळ, बारीक आणि भरभर कटकट. संशय लिंक रॉडवर. पक्का करायची युक्ती अँटी-रोल बारच्या कामातच आहे. दोन्ही चाकं एकदम सारखी वर-खाली झाली तर हा बार नुसता फिरतो, त्याला जोर पडत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली असेल तरच तो पिळला जातो आणि लिंक रॉडवर ताण येतो. म्हणून एकच गतिरोधक दोनदा ओलांडायचा. एकदा सरळ, दोन्ही चाकं बरोबर चढवून. एकदा तिरका, आधी डावं चाक, मग उजवं. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना कटकट असेल, तर लिंक रॉड किंवा बारचे मधले बुश. फारच सैल झालेला सांधा सरळ जातानाही वाजतो, तेव्हा ही चाचणी एकटी पुरेशी मानू नये. गाडी जमिनीवर उभी करून एकाने छताला धरून डावी-उजवीकडे हलवावी आणि दुसऱ्याने चाक पूर्ण वळवलेल्या बाजूने हात आत घालून लिंक रॉडच्या सांध्यावर बोटं ठेवावीत. आवाज कानाला कुठूनही येवो, टकटक बोटांना लागते तेव्हा वाद संपतो. माझ्या गाडीत डावीकडचा वाजत होता. म्हणजे बायकोचं बरोबर होतं.

गतिरोधकाचा विषय निघालाच आहे तर: इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या नियमावलीतला नमुना ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच आहे, पंचविसाच्या वेगाने आरामात जाता यावं असा. आमच्या गल्लीतला बघितलात तर एखाद्याने रात्रीत डांबराचा पाइप पुरलाय असं वाटेल. लिंक रॉड आणि शॉकअप विकणाऱ्यांनी त्याला हार घालावा.

दुसरा प्रसंग ब्रेकचा. ब्रेक दाबला की एकदाच "धप्", आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला की पुन्हा एकदा "धप्". मध्ये काही नाही. हे लोअर आर्मच्या बुशाचं लक्षण, बहुतेक वेळा मागच्या मोठ्या बुशाचं. ब्रेक लागला की चाक मागे रेटलं जातं. फाटलेलं रबर आर्मला धरू शकत नाही आणि लोखंड लोखंडावर आपटतं. मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पुढे-मागे करून ब्रेक मारा, आवाज लगेच हाती लागतो. असा बुश गेला की वेगात ब्रेक लावताना गाडी किंचित बाजूला सरकल्यासारखी वाटते आणि एक्सिलरेटर सोडल्यावर परत येते. लोक याला "गाडी पोहते" म्हणतात, शब्द अचूक आहे. जुन्या मारुती ८०० मध्ये लोअर आर्म त्रिकोणी नव्हता. अँटी-रोल बारच आर्मला पुढे-मागे धरून ठेवायचा. त्यामुळे तिथे बारचे बुश झिजले की हाच ब्रेकचा धप् यायचा.

तिसरा, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना येणारा "टण्ण". थोडं फिरवा, काही नाही. आणखी फिरवा, टण्ण, आणि स्टिअरिंगला हलका झटका. हे स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचं काम. ते अडकलं की खांब फिरताना स्प्रिंग सोबत फिरत नाही, पिळली जाते, आणि एका क्षणी सुटून उडी मारते. एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने चाकाच्या वरून स्प्रिंगवर तळहात ठेवायचा. गुळगुळीत फिरते की झटके देते ते स्वच्छ कळतं. हात ठेवताना बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जाऊ देऊ नका. याच अडकलेल्या बेअरिंगची दुसरी खूण अशी की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, ओढून सरळ करावं लागतं.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना चाकाच्या फेऱ्यांबरोबर "कट्-कट्-कट्" येत असेल तर तो सस्पेंशनचा दोषच नव्हे. ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा सांधा (सीव्ही जॉइंट) गेलाय. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की खात्री.

वेगाबरोबर वाढणारी घरघर, साठला सुरू होऊन ऐंशीला विमानासारखी, ही व्हील बेअरिंगची किंवा टायरची. दोघांत फरक करायला मोकळ्या सरळ रस्त्यावर हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुकवून बघायचं. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा उजव्या बाजूचं बेअरिंग. झुकवल्याने काहीच फरक पडला नाही, पण डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला, तर टायर. बेअरिंगला रस्त्याच्या जातीशी फारसं देणं-घेणं नसतं.

रॅकवर आळ घेण्याआधी

रॅक खरोखर जातो तेव्हा खडबडीत रस्त्यावरची खटखट कानांपेक्षा तळहातांना जास्त लागते. त्यामुळे स्टिअरिंग घट्ट धरून आणि मग अगदी सैल धरून तोच रस्ता दोनदा जाऊन बघावं. पण हाताला लागणारी खटखट देणारे आणखी दोघं असतात: कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट आणि रॅक ज्या रबरांवर आवळलेला असतो ती रबरं. दोन्ही रॅकपेक्षा कितीतरी स्वस्त. युनिव्हर्सल जॉइंट गंजून अडकला की त्याची खूण मजेशीर असते. स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेरीत दोन ठिकाणी जड आणि दोन ठिकाणी हलकं लागतं.

रॅकच्या पाठीमागे एक स्क्रू असतो, दातेरी पट्टीला दाबून धरणारा. "रॅक टाइट करून देतो, आवाज जाईल," असं सांगून तो आवळणारे गॅरेजवाले गावोगाव आहेत. आवाज जातोही, आठवडाभर. प्रमाणापेक्षा जास्त आवळला की मधल्या जागी स्टिअरिंग चिकटतं आणि वळणानंतर परत येत नाही. घाटात हे फार वाईट. नेमका किती आवळायचा हे प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मिस्त्रीने "अंदाजाने" असं म्हटलं तर आपण नको म्हणावं.

सैलपणा शोधायची माझी आवडती पद्धत चाकं हवेत न लटकवता होते. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक एवढंच डावी-उजवीकडे भरभर हलवायचं. दुसऱ्याने खाली बघायचं की हालचाल कुठे हरवते. कॉलम फिरतोय पण रॅकचा दांडा उशिरा हलतोय, तर वरचा सांधा किंवा रॅक. दांडा हलतोय पण चाक उशिरा, तर टाय रॉड एंड. यासाठी पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा, लागतो, किंवा गाडी चाकांवर उभी राहते असा रॅम्प. दोन खांबांचा रॅम्प चालत नाही, कारण वजन चाकांवरच हवं. हवेत लटकलेल्या चाकाला विरोध नसतो, त्यामुळे सैल सांधाही सोबत निमूट फिरतो.

जॅकवर घेतल्यावर

काही गोष्टी मात्र चाक उचलल्याशिवाय कळत नाहीत. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, आणि जॅकसोबत खाली स्टँड. गाडीबरोबर मिळणाऱ्या जॅकवर चाक बदलावं. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नये.

चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं आणि खडखडलं, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. रॅकवरचं घडीचं रबर हळूच दाबून आतला सांधा बोटांनी चाचपता येतो. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं आणि खडखडलं, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. आता दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर बेअरिंग, कारण ब्रेकने डिस्क नकलशी बांधली गेली. राहिली तर बॉल जॉइंट.

स्ट्रट असलेल्या गाडीत वजन स्प्रिंगवरून थेट बॉडीला जातं, बॉल जॉइंटवर स्प्रिंगचा भार नसतो, म्हणून चाक नुसतं लटकत ठेवून तपासलं तरी चालतं. इनोव्हा क्रिस्टा किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत वर-खाली दोन आर्म असतात आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. तिथे चाक लटकवलं की स्प्रिंगच सांध्याला दाबून धरते आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. तिथे जॅक खालच्या आर्मखाली लावून स्प्रिंगचा भार उचलायचा आणि मग हलवायचं.

यातले दोन दोष मी "पुढच्या महिन्यात बघू" या यादीत कधीच टाकत नाही: बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड. बुश फाटला तर गाडी वाजते, पोहते, टायर खाते. बॉल जॉइंटची खुंटी वाटीतून निसटली तर चाक कोलमडून पडतं आणि गाडी नाकावर बसते. टाय रॉड सुटला तर दोन चाकं दोन दिशांना. त्यांत हाताला प्ले, म्हणजे सैलपणा, लागला की गाडी तिथेच थांबवायची.

शॉकअपसाठी मडगार्ड दाबून सोडायची जुनी पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी एकदा वर येऊन शांत व्हावी. दोन-तीन हिंदोळे घेतले तर शॉकअप संपला. पण या परीक्षेत फक्त पूर्ण मेलेला नापास होतो, अर्धमेला सहज पास. त्यापेक्षा खांबावर तेलाचे ओघळ बघा. नुसता धुळीला चिकटलेला ओलसर थर चालतो, ओघळ नाही. आणि टायरवरून हात फिरवा: गोलाईत थोड्या थोड्या अंतराने खोलगट खळगे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय. बदलायचे झाले तर दोन्ही बाजूंचे एकदम.

बुश बदलल्यावरची एक चूक

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण चांगल्या गॅरेजातही होतं आणि ग्राहकाला पत्ता लागत नाही. लोअर आर्मच्या बुशात आतली लोखंडी नळी आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा काही घसरत नाही, रबरच पिळलं जातं आणि परत सुटतं. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला जाम होते.

आता गाडी रॅम्पवर, चाकं लटकलेली, आर्म पूर्ण खाली झुकलेला. मिस्त्री नवा बुश बसवतो आणि तशाच अवस्थेत बोल्ट आवळतो. गाडी खाली उतरली, वजन आलं, आर्म वर गेला, आणि रबर त्याच क्षणी पिळलं गेलं. आता ते उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहणार, खड्ड्यात आणखी पिळणार, आणि काही महिन्यांत फाटणार. मग आपण म्हणतो, डुप्लिकेट माल लावला. माल ओरिजिनल असतो. बोल्ट आधी हाताने बसवून, गाडीचं वजन चाकांवर आणून, मगच शेवटचं आवळायचं असतं. पिट नसेल तर आर्मखाली जॅक देऊन चाक नेहमीच्या उंचीला आणता येतं. मी उभा राहून हे सांगतो. मिस्त्री जरा वैतागतात. वैतागू देत.

थरथर आणि ओढ

आवाज नाही, पण स्टिअरिंग थरथरतं. इथेही "कधी" विचारायचं. ऐंशी ते शंभरच्या दरम्यान येते आणि पुढे कमी होते, तर चाकांचं बॅलन्सिंग बिघडलंय. फक्त ब्रेक लावल्यावर येते, तर ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. तीस-चाळीसलाच स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलतं, तर रिम वाकलीय किंवा टायरच्या आतले पट्टे सुटलेत. टायरवर फुगा शोधा, सापडला तर स्टेपनी लावूनच पुढे जा.

गाडी एका बाजूला ओढते ही तक्रार जास्त फसवी. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधून उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे हात सोडल्यावर गाडीने हळूहळू डावीकडे जाणं हा दोष नाही, उतार आहे. ओढ उजवीकडे असेल, किंवा डावीकडे पण झपाट्याने असेल, तर आधी हवा तपासा. मग पुढची दोन टायरं आपसांत बदला, त्यांच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली की दोष टायरच्या बांधणीत. ओढ तशीच राहिली, तर ब्रेक फार न वापरता दहा-पंधरा किलोमीटर चालवून उतरा आणि दोन्ही रिमजवळ हात न्या. एक बाजू सणसणीत तापलेली असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. या तिन्हीतून पार पडल्यावर अलाइनमेंटकडे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याकडे, वळायचं.

टायरच्या दुकानात मात्र पहिलंच वाक्य असतं, "अलाइनमेंट करून घ्या." झिजलेल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या टेबलावर वजनकाटा ठेवून सोनं तोलणं. मशीनवर आकडे हिरवे येतात, गाडी खाली उतरून पहिल्या खड्ड्यात गेली की ते बदललेले असतात. आधी सैल भाग, मग अलाइनमेंट. आणि करून घेतली की आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्यायचा.

त्या कागदावर बघायचं ते टो. म्हणजे वरून पाहिलं तर पुढची चाकं एकमेकांशी समांतर आहेत का, की कबुतराच्या पावलांसारखी आत वळलीत, की बदकासारखी बाहेर. टायर सर्वांत जास्त यानेच झिजतो. एक अंशाची चूक किती, याचा हिशोब सोपा आहे. चाक एक अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला ते साधारण साडेसतरा मीटर आडवं घासलं जातं. दशांश अंश, म्हणजे डोळ्यांना मुळीच न दिसणारी चूक, तरी दहा हजार किलोमीटरमध्ये पावणेदोन मीटर दर किलोमीटरप्रमाणे साडेसतरा किलोमीटर टायर फरफटत नेला. हे मशीनशिवायही जाणवतं. तळहात टायरच्या रुंदीवरून एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय.

दुसरा आकडा कॅम्बर, चाकाचा आत-बाहेर झुकाव. बहुतेक छोट्या गाड्यांत तो जुळवायची सोयच नसते. म्हणजे एका बाजूचा कॅम्बर दुसऱ्याहून बराच वेगळा आला तर "जमत नाही साहेब" हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं असतं, पण अपुरं. काहीतरी वाकलंय, स्ट्रट, आर्म किंवा नकल, आणि ते शोधायला हवं. मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्याची आठवण असेल तर ती मेकॅनिकला आधीच सांगा.

आमच्या गाडीचे दोन्ही लिंक रॉड बदलले. डावा वाजत होता, उजव्याची टोपी फाटलेली होती. कुंभार्लीत नेऊन तिरक्या-सरळ सगळ्या खड्ड्यांतून घातली. पुढून काही नाही. मी खूश, बायको खूश. बाबा मागून म्हणाले, "अजून येतोय." घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा त्यांच्या समाधानासाठी डिकी उघडली. कार्पेटखाली स्टेपनीशेजारी जॅक त्याच्या पट्ट्यातून सुटून पडला होता. गेल्या पावसात पंक्चर झालं तेव्हा मीच तो घाईत तसाच टाकला होता.